पान्हा
सुक्या बोंबलांचा वास आला की समुद्रकाठच्या घिवली गावातली भाड्याची खोली आठवते. नवरा वीजकेंद्राच्या बांधकामावर, मी नवी बाळंतीण, आणि बाळ काही केल्या अंगावर पीत नव्हतं. रोज दुपारी एक मासळीवाली दारात पाटी उतरवून माझ्याजवळ बसायची. "तू वाकू नको, पोराला छातीशी आण," असं सांगत तिनंच मला पाजायला शिकवलं. एकदा बाळ पिऊन गाढ झोपलं होतं आणि बोलता बोलता तिची चोळी भिजली. "पोरगा रडला का पान्हा येतो," ती म्हणाली. "पण हा तर झोपलाय." "तुजा नाय, माजा." ती सुरूच्या बनाकडे बघत होती. तिचं तान्हं तिथंच पुरलेलं, हे मला ठाऊक होतं. बाहेर नुसती लाटांची गाज होती. आता मुलगा साठीला आला, तरी त्याला एक सांगितलेलं नाही: तो झोपेत असताना माझाही पदर तेव्हाच दुधानं भिजला होता.