सिमेंटचा कोपरा

माझा धाकटा भाऊ केकोआ गेली एकोणीस वर्षं एकाच भिंतीपाशी बसून सिमेंट खरवडतो आहे. मध्येच एखादा जुना दगड तडकतो आणि त्या दिवशी तो जेवत नाही. लोक त्याला भाविक समजतात. भाविक कसला, हट्टी आहे, आणि त्या हट्टाला खतपाणी मीच घातलं.

आमच्या मोलोकाई बेटावर पूर्वजांचं देवस्थान आहे. काळ्या दगडांचा चौथरा आणि कमरेएवढी भिंत. दगडावर दगड, मध्ये चुना-माती काही नाही; फटींतून वारा खेळायचा. ती रचण्याची विद्या नाहोआ काकांकडे होती, आणि ते केकोआला शिकवत होते. एकदा उचललेला दगड खाली टाकायचा नाही, जागा सापडेपर्यंत हातात धरायचा, असा त्यांचा नियम. केकोआ कुरकुरायचा, पण धरायचा.

काका होनोलुलूला दवाखान्यात होते तेव्हा पावसाने समुद्राकडचा कोपरा ढासळला. उत्सव आठवड्यावर आलेला. काकांना पडकी भिंत दिसू नये म्हणून, अगदी मायेपोटी, हॉटेलांच्या बांधकामावर राबणाऱ्या माझ्या भावाने दोन दिवसांत कोपरा उभा केला. बाहेरून दगड, आतून सिमेंट.

काका आले. रीतीप्रमाणे हद्दीबाहेर थांबून त्यांनी पूर्वजांना साद घातली, परवानगी मागितली. मग आत येऊन थेट त्या कोपऱ्यावर तळहात ठेवला.

"वारा कुठे गेला रे?"

"आता शंभर वर्षं भिंत हलायची नाही, काका."

"हलेल कशी? कोंडून ठेवलीस तिला."

काका रागावले नाहीत. पण केकोआला पुन्हा कामाला बोलावलंही नाही. एकदा तो आपणहून त्यांच्याकडे निघाला होता. मीच आडवी गेले.

"कशाला नाक घासतोस त्यांच्यापुढे? फुकट राबलास, वर बोलणीही खायची?"

आज ते आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

दोन वर्षांनी काका गेले. अंत्यविधीनंतर जेवताना लेइमोमी काकूंनी केकोआच्या पानात अळूच्या कंदांची पोई वाढली.

"रोज वाट बघायचे तुझी," त्या म्हणाल्या. "म्हणायचे, दगड न फोडता सिमेंट निघतं. पोराने विचारायला तर यावं."

केकोआचा घास हातातच राहिला.

"कसं निघतं, काकू?"

"मला काय माहीत, बाबा. तुलाच सांगणार होते."