सुती म्होरकी

एकट्याचे कपडे वाळत घालायला कितीशी दोरी लागते? तेवढी घ्यायला मी स्वारगेटजवळच्या दोरखंडांच्या दुकानात गेलो होतो. तिथे धायरीचे एक म्हातारे गृहस्थ घोड्याच्या तोंडावर चढवायची म्होरकी निवडत होते. वरातीची घोडी त्यांनी विकली होती आणि दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक ती न्यायला येणार होतं.

"म्होरकी गिऱ्हाईक आणेल. तुम्ही कशाला खर्चात पडता?" दुकानदार म्हणाला.

"आणंल की, नायलॉनची. कुठं अडकून घोडी बुजली तर ती तुटत न्हाई, जनावराची मान जाते. ही सुती हाय, हिसक्याला तुटंल."

त्यांनी म्होरकी घोडीच्या तोंडाच्या उंचीवर हवेत धरली. गालापाशी दोन बोटं सरकवून पाहिली, काचायला नको. मग घोडी समोरच असल्यासारखा तिच्या कानामागे खाजवायला हात वर गेला आणि तिथेच थांबला.

"मग तिची जुनी म्होरकीच देऊन टाका," मी म्हणालो.

"जनावर विकलं तरी त्याची म्होरकी देत नसत्यात. ती घरीच ऱ्हाती."

"अहो, पण ठेवून करणार काय?"

"सकाळी सवयीनं हात खुंटीकडं जाणारच," ते म्हणाले. "खुंटी तरी रिकामी नको."