सॉरीकाकांची विहीण

सॉरीकाका मला पहिल्यांदा भेटले तेव्हा मी गादीचं एक टोक धरून दारात अडकलो होतो. अमेरिकेतल्या शॉमबर्गमधल्या आमच्या नव्या घरात सामान चढवणं चालू होतं. शेजारच्या घरातून एक उंच, जरासे वाकलेले, पांढऱ्या भुवयांचे गृहस्थ केळ्याचा केक घेऊन आले. त्यांनी नाव सांगितलं, वॉल्टर. मी सांगितलं, मिलिंद. कुठले, असं त्यांनी विचारलं आणि मी भारत म्हणालो. त्याबरोबर त्यांनी केक माझ्या बायकोच्या, अश्विनीच्या हातात दिला, छातीवर हात ठेवला आणि म्हणाले, "आमच्याबद्दल सॉरी." मला वाटलं, त्यांची गाडी आमच्या जागेत लागली असेल. पण ते गाडीबद्दल बोलत नव्हते. ते अख्ख्या अमेरिकेबद्दल बोलत होते.

आमच्या लेकीनं, सईनं त्याच संध्याकाळी त्यांचं सॉरीकाका असं नाव ठेवलं, आणि तेव्हापासून आमच्या घरात वॉल्टर हे नाव कुणी उच्चारलं असेल तर शपथ. परदेशातून आलेला माणूस दिसला की त्यांना राहवत नसे. कुरियर घेऊन येणाऱ्या इथिओपियन माणसाची ते माफी मागत, कोपऱ्यावरच्या कोरियन लाँड्रीवालीची मागत. माझ्याकडे ग्रीन कार्डाच्या रांगेबद्दल दर महिन्याला दिलगिरी व्यक्त होई, आणि तीही अशा चेहऱ्यानं, की रांग त्यांच्याच दवाखान्याबाहेर लागली असावी. जानेवारीत थंडी उणे वीसवर गेली तेव्हा त्यांनी त्याचीही माफी मागितली. "अहो, हिवाळा काही तुमच्या सरकारनं आणलेला नाही," असं मी म्हणालो, तर ते म्हणाले, "तरी पण. तुम्ही पाहुणे आहात." आणि एवढं बोलून त्यांनी आपल्या यंत्रानं आमच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ काढून दिला. तो ते दर वेळी काढायचे, आम्ही उठायच्या आधी. त्याबद्दल मात्र त्यांना कधी काही बोलायचं नसे.

दवाखाना खराच होता. चाळीस वर्षं त्यांनी लोकांचे दात काढले, भरले, घासले. जग काय म्हणतं ते विचारायची सवय त्यांना तिथेच लागली असावी. तोंडात कापूस आणि नळी असलेल्या माणसाला ते विचारत, "मग, तुमच्याकडे आमच्याबद्दल काय म्हणतात?" खुर्चीतला माणूस म्हणणार "आँ, आँ." एवढ्यानं कुणाचं समाधान होणार? निवृत्त झाल्यावर ते चाळीस वर्षांची राहिलेली उत्तरं गोळा करत हिंडत होते. मला तर त्यांनी कितीदा विचारलं, "मिलिंद, अगदी खरं सांग. आम्ही तुम्हाला आवडत नाही ना?" आता व्हिसावर असलेला माणूस या प्रश्नाला काय उत्तर देणार? मी म्हणायचो, "छे छे, वुई लव्ह अमेरिका." ते खिन्न होऊन घरी जायचे. त्यांना कळायचं की मीही तोंडात कापूस धरूनच बोलतोय.

सकाळी कॉफीबरोबर ते बाहेरच्या देशांची वर्तमानपत्रं वाचत, म्हणजे फक्त अमेरिकेबद्दल वाईट लिहिलेलं वाचत. मग कुंपणाशी येऊन मला हवामान सांगावं तशी बातमी देत, "आज नॉर्वेवाले नाराज आहेत." मी ऑफिसला निघालेला असे. "होतील बरे," असं म्हणून मी गाडीत बसत असे. एकदा त्यांनी कुठेतरी वाचलं, की अमेरिकन माणसं फार मोठ्यानं बोलतात म्हणून जगाला आवडत नाहीत. झालं! दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मागच्या अंगणात हळू बोलण्याचा सराव सुरू केला. ओठ हलताहेत, आवाज नाही, समोर कुणी नाही, फक्त टोमॅटोची रोपं. अश्विनीनं घाबरून मला ऑफिसात फोन केला, "अहो, त्यांना काहीतरी झालंय, मी ॲम्ब्युलन्स बोलवू का?"

मेक्सिकोच्या सहलीत त्यांनी एकदा आपण कॅनडाचे असल्याचं ठोकून दिलं होतं. नेमकं शेजारच्या टेबलावर एक खरंखुरं कॅनडियन जोडपं निघालं आणि त्यांनी आनंदानं विचारलं, "कुठल्या गावचे?" काकांना एकही गाव आठवेना. शेवटी त्यांनी सगळं कबूल केलं, त्या जोडप्याची माफी मागितली, वेटरची मागितली, आणि जाताना एवढी टिप ठेवली, की ते अमेरिकन आहेत हे आता सगळ्या हॉटेलला कळलं. हा किस्सा ते स्वतःच सांगायचे आणि स्वतःच सगळ्यात जास्त हसायचे.

मला त्यांचं हसू यायचं आणि त्यांची माया वाटायची, दोन्ही. आम्हीही लोक काय म्हणतील या धाकातच वाढलेली माणसं. पण आमचे लोक म्हणजे फार तर खालच्या मजल्यावरच्या जोशीकाकू आणि नागपूरची आत्या. सॉरीकाकांचे लोक म्हणजे अख्खं जग. एवढ्या जोशीकाकू एका माणसानं कशा सांभाळायच्या?

त्यातल्या एकीनं मात्र त्यांना खरोखर घायाळ केलं होतं. तिचं नाव लुर्देस. काकांची एकुलती एक मुलगी केटी लिस्बनला असते, तिथल्याच मुलाशी तिनं लग्न केलं, त्या मुलाची ही आई. काकांची बायको नॅन्सी त्या लग्नाच्या आदल्या वर्षी गेली, त्यामुळे काका एकटेच गेले होते. लग्नाच्या जेवणात ते भाषणाला उभे राहिले, आणि भाषण ऐन रंगात असताना लुर्देस उठून निघून गेली. परत येऊन त्यांच्याशी एक शब्द बोलली नाही. त्याला तीन वर्षं झाली. काका तिकडे पुन्हा गेलेच नाहीत. "तिला घरात अमेरिकन माणूस नको आहे," ते म्हणायचे, "आणि तिचं बरोबरच आहे." केटीला मात्र ते कधी पाठ दुखते म्हणून सांगायचे, कधी तिकीट महाग आहे म्हणून.

आता केटीला दिवस गेले होते. ऑक्टोबरमध्ये बाळ होणार होतं आणि तिनं फोनवर स्पष्ट सांगितलं होतं, "डॅड, या वेळी पाठ दुखत असली तरी ये." त्या दिवशी काका आमच्याकडे आले तेव्हा माझी आई मागच्या डेकवर मेथी निवडत बसली होती. आई नागपूरहून सहा महिन्यांसाठी आलेली. सगळे तिला आई म्हणतात हे ऐकून काकाही तिला आई म्हणायचे, आणि तिच्याहून दोन वर्षांनी मोठ्या माणसाचं हे आई म्हणणं तिनं निमूट चालवून घेतलं होतं. ती त्यांना डॉक्टर म्हणायची. ते इंग्रजीत, ती मराठीत, आणि मध्ये मी दुभाष्या. आमच्या घरात त्यांना खरी उत्तरं देणारी तेवढी एकच होती. तुमचा चहा वाईट, घरं पुठ्ठ्याची, आणि नळाचं पाणी पिऊन बरं वाटतं म्हणून मी अजून टिकली, असं ती त्यांना तोंडावर सांगायची. काका वहीत लिहून घेत.

त्या दिवशी त्यांनी लग्नाची सगळी हकिगत सांगितली. आईनं मेथीची जुडी खाली ठेवली.

"विचार त्यांना," ती मला म्हणाली, "भाषणात काय बोलले?"

काका म्हणाले, की त्यांनी अमेरिकेच्या वतीनं पोर्तुगालची माफी मागितली. काही पाहुणे स्पेनचे होते, म्हणून स्पेनची. एक जण ब्राझीलचा होता. एकूण सहा देश झाले. बारा मिनिटं.

"जेवण कुणी केलं होतं?"

"लुर्देसनं. घरीच. साठ माणसांचं. दोन दिवस ती खपत होती."

"त्याला चांगलं म्हणाले का भाषणात?"

"नाही."

"तिच्या पोराचं कौतुक केलं? तिचं नाव तरी घेतलं?"

काकांनी भुवया उंचावून आठवून पाहिलं. "नाही," ते अगदी हळू म्हणाले. आता तो हळू बोलण्याचा सराव नव्हता.

"अरे बाप्पा!" आई म्हणाली. "सहा देशांची नावं घेतली आणि विहिणीचं नाही? मी असती तर मीही उठून गेली असती."

हे इंग्रजीत सांगताना माझी पंचाईत झाली. तिकडे या नात्याला शब्दच नाही. मुलाच्या बायकोची आई, जावयाची आई असं लांबण लावत मी त्यांना मानपान समजावला, पंगत, रुसवा, वरपक्ष समजावला. काका म्हणाले, "पण मला वाटलं, आमच्या परराष्ट्र धोरणामुळे..."

"परराष्ट्र धोरण कशाला?" आई म्हणाली. "साधा रुसवा आहे तो."

सई आतून ओरडली, "आजी, इट्स मोअर कॉम्प्लिकेटेड दॅन दॅट!"

"काही कॉम्प्लिकेटेड नाही. बाईनं दोन दिवस चुलीपुढे काढले आणि कुणी विचारलं नाही."

काका खुर्चीत मागे टेकून बसले. "तीन वर्षं," ते म्हणाले, "मी वर्तमानपत्रं वाचत होतो."

पुढच्या रविवारी आम्ही विहिणीचा मान घ्यायला डेव्हन ॲव्हेन्यूला, आपल्या देशी दुकानांच्या रस्त्यावर गेलो. काकांना वाटत होतं, आपल्याकडचं काहीतरी न्यावं, मेपल सिरप वगैरे. आई ऐकेना. "मान म्हणजे खाऊ नाही," ती म्हणाली. साडीच्या दुकानात शिरल्याबरोबर काकांनी काउंटरवरच्या तरुण दुकानदाराचा हात धरला आणि छातीवर हात ठेवून सुरुवात केली. तो म्हणाला, "सर, आय वॉज बॉर्न इन स्कोकी." म्हणजे आमच्या घरापासून अर्ध्या तासावर. काकांनी मग त्याबद्दल त्याची माफी मागितली. आईनं दोन तास लावून, सगळं दुकान खाली काढून, मोरांच्या काठाची एक पैठणी ओढणी निवडली. "ती हे कधी घालणार?" काकांनी विचारलं. "नका घालू म्हणावं. पण तुम्ही तिच्यासाठी दोन तास उभे राहिले, हे तिला सांगा."

जायच्या आदल्या दिवशी काका पुन्हा आले, तेव्हा त्यांचा धीर सुटला होता. ते पुन्हा पुन्हा खिशातून पासपोर्ट काढून पाहत होते. "आणि तिनं दारच उघडलं नाही तर?" ते म्हणाले. "मला एकच मुलगी आहे, मिलिंद. नॅन्सी असती तर तिनं हे सगळं नीट केलं असतं." आईनं माझ्या भाषांतराची वाट न पाहता त्यांच्या हातावर हात ठेवला. मग मला म्हणाली, "त्यांना सांग, आधी विहिणीला भेटायचं, मग मुलीला, मग बाळाला. वाढेल ते खायचं आणि पुन्हा मागायचं. भाषण करायचं नाही. आणि म्हणावं, डॉक्टर, देश इथेच ठेवून जा. मुलीचा बाप तेवढा जाऊ दे तिकडे."

मी सांगितलं. काकांनी ते वहीत लिहिलं नाही.

तीन आठवड्यांसाठी गेलेले सॉरीकाका परत आलेच नाहीत. मार्चमध्ये त्यांचं घर विकलं गेलं. सगळं काम एजंटनं केलं, आम्हाला निरोप घ्यायलासुद्धा मिळालं नाही. बर्फ काढायचं यंत्र त्यांनी आमच्या नावावर ठेवलं होतं. ते मी गॅरेजमध्ये आणलं आणि तिथेच थोडा वेळ बसून राहिलो. कुंपणाशी आता कुणी येत नाही. नॉर्वेवाल्यांचं काय चाललंय ते मला कळत नाही. इथे इतकी वर्षं काढली, पण एखाद्या अमेरिकन माणसाची इतकी आठवण येईल असं मला कधी वाटलं नव्हतं.

ते का परतणार नाहीत, ते आम्हाला त्यांच्या पहिल्याच व्हिडिओ कॉलवर कळलं होतं. बाळ दोन आठवड्यांचं झालं होतं. आमच्याकडे रविवारची सकाळ, तिकडे दुपार. आई, अश्विनी, सई आणि मी एका फोनभोवती डोकी घालून बसलो. काका लुर्देसच्या स्वयंपाकघरात नातीला घेऊन उभे होते. मागे एका कपाटावर ती मोरांची ओढणी अंथरलेली दिसत होती. "तिच्यावर मला कप ठेवायची परवानगी नाही," ते कुजबुजले. तेवढ्यात मागून लुर्देस आली. ठेंगणी, काळ्या कपड्यांतली, हाताला पीठ. तिनं पीठ पुसलं, काकांच्या हातातून बाळ काढून घेतलं आणि त्यांच्याकडे पाहत असं काही लांबलचक सुनावलं, की आईनं नकळत पदर सारखा केला. केटी बाजूला हसून हसून बेजार झाली होती. तिनंच सांगितलं, "ती म्हणतेय, हा माणूस बाळाला दाताच्या एक्स-रेसारखं उजेडात धरतो. पाव वाकडा कापतो. याचे बूट कुरूप आहेत. मी एकटी याला कुठवर शिकवू?"

काकांचे डोळे भरले होते. चेहरा मात्र लाल होऊन असा फुलला होता, की सईनं स्क्रीनशॉट घेतला. ते फोनच्या अगदी जवळ आले.

"ऐकलंत, आई? दोन आठवडे रोज हेच चाललंय. पण तिनं अमेरिकेचं नाव एकदाही काढलं नाही. सगळ्या चुका माझ्या एकट्याच्या आहेत!"