बोटभर खोल गळा

वहिनीकडे प्रिंटर नव्हता. शिलाई मशीनशेजारी एक जुना, जाडजूड मॉनिटर होता. त्याच्या काचेवर पातळ कागद धरून ती पेन्सिलीनं ब्लाउजचे गळे गिरवायची. गळे मीच काढून द्यायचो, चित्रं काढायच्या एका फुकट प्रोग्रॅममध्ये. त्याचा कोड सगळ्यांना खुला होता, कुणीही सुधारावा. आर्णीत कापसाची ती वाईट वर्षं होती. दादाच्या शेतातली बोंडं अळीनं पोखरली होती, तो दिवसदिवस बोलत नसे, आणि घर वहिनीच्या शिवणावर चाललं होतं.

मी शाळेत कॉम्प्युटर शिकवायचो आणि फावल्या वेळात त्या कोडमध्ये डोकं घालायचो. चित्र खऱ्या मापाचं दिसायला हवं, तर स्क्रीन केवढी आहे हे प्रोग्रॅमला कळावं लागतं. नव्या स्क्रीन ते आपणहून सांगतात. जुन्या गप्प बसतात. त्यांच्यासाठी टेपनं मोजून माप भरायची सोय होती. वहिनीच्या मॉनिटरचं माप आम्ही तसंच घेतलं होतं, टेपचं एक टोक तिच्या हातात, दुसरं माझ्या.

स्क्रीन सांभाळणारा कोडचा तो भाग म्हणजे नुसता गुंता होता. एकच काम चार ठिकाणी लिहिलेलं. पंधरा दिवस खपून मी तो निम्म्यावर आणला आणि त्या भरात हातानं माप भरायची सोयही उडवली. आजकाल स्क्रीनला टेप कोण लावतं, असं कारणही ऐटीत लिहिलं. कुठल्या कुठल्या देशांतल्या लोकांनी शाबासकी दिली. मी इतका फुगलो, की नवा प्रोग्रॅम सगळ्यांत आधी वहिनीच्याच कॉम्प्युटरवर टाकला. आमच्याच घरातली टेप मला आठवली नाही, याची अजून लाज वाटते.

त्याच आठवड्यात तिला गल्लीतल्या एका लग्नघरचं काम मिळालं. सगळ्या करवल्यांचे ब्लाउज, सगळ्यांना एकच मटका गळा. एवढं मोठं काम तिला पहिल्यांदाच मिळालं होतं. तिनं काचेवरून गळा गिरवला आणि थप्पी लावून सगळं कापड एकदम कापलं.

छाती-खांदा टेपनं घेतलेला, तो बरोबर बसला. गळे मात्र बोटभर खोल गेले. लग्नाच्या आदल्या दिवशी नवरीची आई गाठोडं घेऊन आली. आमच्या पोरी हे घालून चारचौघांत कशा उभ्या राहतील, एवढंच तिनं विचारलं. आवाज चढवला नाही, तेच जास्त लागलं.

ती गेल्यावर वहिनीनं मला बोलावलं. जुन्या गळ्याचा कागद नव्यावर ठेवून दाखवला.

“भाऊजी, मी तं तसाच गिरवला. तुमी यात काई बदललं का?”

“हो,” मी म्हटलं. टेपनं भरलेलं माप मी काढून टाकल्यामुळे प्रोग्रॅम त्या जुन्या स्क्रीनचा आकार अंदाजानं धरत होता आणि गळा मोठा दाखवत होता.

ती सोय मी कोडमध्ये परत घातली. वरातीमागून घोडं, तेही अक्षरशः. पोरींनी पदराला पिना लावून लग्न निभावलं, आणि गल्लीतल्या बायका बसस्टँडजवळच्या टेलरकडे जायला लागल्या.

माप पुन्हा भरायला मी मॉनिटरपुढे बसलो. वहिनीनं टेप काढली. मी सवयीनं हात पुढे केला. तिनं दोन्ही टोकं स्वतःच धरली, आकडा सांगितला, आणि मी टाकलेला आकडा वाकून पुन्हा वाचला.