कापून टाकलेले चाळीस सेकंद

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, जिला सगळं सांगते त्या मैत्रिणीलाही नाही. आईला तर नाहीच — तिला मी उलट खोटं सांगितलंय, आणि ते खोटं ती अजून वाडीत चारचौघींना कौतुकाने ऐकवत असते. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं त्यातल्या त्यात सोपं. सोपं म्हणजे काय — तीनदा लिहायला बसले आणि तिन्ही वेळा उठून चहा टाकला.

मी एका माणसावर सूड उगवला. आणि त्याला अभ्यास म्हटलं.

आधी आईचं सांगायला हवं. मुरबाडच्या वरच्या अंगाला डोंगराला टेकून आमची वाडी. आई जानकी. तिचं काळीज उजव्या बाजूला आहे — बोलण्यातलं नव्हे, खरंच, जन्मापासून. त्याचा तिला कधी काही त्रास झाला नाही. मी लहान असताना एकदा ती तापाने फणफणली, म्हणून तिला शहापूरला एका डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी नळी डावीकडे लावली तर ठोका लागेना. मग एक्स-रे काढला. ती प्लेट पुढे कित्येक वर्षं आमच्या घरात वाशात खोचलेली होती. ग्रहण लागलं की अर्धी वाडी आईच्या छातीतून सूर्य बघायची. बायका तिला उलट्या काळजाची म्हणून चिडवायच्या आणि ती त्यांच्याहून मोठ्याने हसायची.

डॉक्टरांचं नाव लिहीत नाही. शहापुरात ज्यांना कळायचं त्यांना कळेलच.

ते दरवर्षी आईला शहरातल्या एका मेडिकल कॉलेजात न्यायचे, परीक्षेची केस म्हणून. डॉक्टर होणाऱ्या मुलांपुढे खरे रुग्ण बसवतात. मुलांनी तपासायचं आणि काय आढळलं ते परीक्षकांना सांगायचं. बाकावर आईच्या एका बाजूला पाणथरी, म्हणजे प्लीहा, वाढलेला एक म्हातारा असायचा, दुसऱ्या बाजूला कुणी दम्याची बाई. आई म्हसाच्या जत्रेतली चांगली साडी नेसून जायची. आणि एखादं पोर घाबरून डावीकडेच चाचपडत बसलं, तोंड सुकलं त्याचं, की परीक्षकाची पाठ वळताच ती दोन बोटं हळूच उजव्या बरगडीवर टेकवायची. बास. पोर पास. घरी येऊन सांगायची, या साली पाच डॉक्टर मी केले.

हे मला सगळं ठाऊक होतं. लक्षात ठेवा, ठाऊक होतं.

मग डॉक्टरांनी तिच्यावर फिल्म काढली. दुर्मिळ आढळ म्हणून कुठल्याशा परिषदेत दाखवायला. मी नऊ वर्षांची. दवाखान्याच्या पडवीत आईला भिंतीला पाठ लावून उभं केलं, मी तिचा पदर धरून. डॉक्टर कॅमेऱ्यातून बघत म्हणाले, "ती पोरगी बाजूला घ्या, फ्रेम खराब करतेय." कंपाउंडरने मला बखोटीला धरून उचललं आणि दाराआड ठेवलं. एवढंच झालं. मारलं नाही, ओरडलं नाही कुणी. पण माणसाला काय लागेल याचा काही नेम असतो का? मी त्या दाराआडून जी बघत राहिले ती पुढे तीस वर्षं.

पुढे शिकले. चित्रपटांच्या अभ्यासात शिरले — गोऱ्या साहेबांच्या राज्यात इथल्या माणसांच्या फिल्मा कशा काढल्या गेल्या, आणि साहेब गेल्यावर तोच कॅमेरा कुणाच्या हातात आला, हा माझा विषय. जुन्या डॉक्टरी फिल्मा पाहिल्या. भिंतीपुढे उभी केलेली माणसं. डावीकडे वळ, उजवीकडे वळ, जीभ दाखव. नाव कुणालाच नाही. त्या अंधाऱ्या खोलीत बसून मला वाटलं, ही आमची पडवी. तसं वाटणं चूक नव्हतं, आजही मी ते वर्गात शिकवते. चूक पुढे आहे.

डॉक्टरांकडे ती जुनी टेप मागायला गेले तेव्हा त्यांनी मला ओळखायला वेळ लावला. मग तोंडभर हसून म्हणाले, "म्हणजे तू उजव्या हृदयाची मुलगी. तुझं तपासलंय का कुणी? बस, बघू." एम. ए. ला पहिली आलेली मी, आणि हा माणूस खिशातली नळी काढतोय. टेप घेऊन घरी आले. तिच्यावर इंग्रजीत लिहिलेलं — आदिवासी स्त्री, वय अंदाजे पस्तीस. तीन वर्षं दर साली तिला गाडीत घालून नेत होते, आणि नाव लिहायला जागा नव्हती? त्या दिवशी मी ठरवलं, याला भिंतीपुढे उभा करीन.

संधी यायला बारा वर्षं लागली. तोवर ते पंचाहत्तरीला आले होते, दवाखाना मुलाकडे. मी म्हटलं, तुमच्या फिल्मांवर मला फिल्म करायची आहे. म्हातारा हरखला. कपाटातून टेपा काढल्या, पुसून ठेवल्या. त्यांच्या बायकोने, काकूंनी, मला स्वयंपाकघरात बोलावून घेतलं. "त्यांना अलीकडे विसरायला होतं गं. सकाळी अगदी छान असतात. चारनंतर गोंधळतात. तू आपली सकाळीच ये. आणि लोकांना दाखवायच्या आधी मला एकदा दाखव." मी त्यांचा हात हातात घेऊन हो म्हटलं.

आणि संध्याकाळी पाचला कॅमेरा लावला. काकूंना सांगितलं, उजेड तेव्हाच चांगला असतो.

वाडीवरून आईला घेऊन आले होते, एसटीने. ती खूश होती; डॉक्टरांना द्यायला करांदे, रानातले कंद, उकडून आणले होते तिने. दोघांना भिंतीपुढे खुर्च्यांवर बसवलं. काकू चहा ठेवायला आत गेल्या. मी म्हटलं, डॉक्टर, पहिल्यांदा कसं सापडलं ते करून दाखवा ना. त्यांनी नळी कानाला लावली, दुसरं टोक आईच्या डाव्या बाजूला टेकवलं आणि थांबले. हलवलं, परत टेकवलं. माझ्याकडे बघितलं. "आवाज येत नाहीये," म्हणाले. कपाळावर घाम आला. परत तेच. परत. दोन मिनिटं मी कॅमेऱ्यामागे गप्प उभी राहिले. मला वाईट वाटत होतं का? नाही. गोड वाटत होतं — उन्हातून आल्यावर माठातलं पाणी पितो तसं घोट घोट प्यायले मी ते.

मग आईने दोन बोटं उजव्या बरगडीवर टेकवली.

डॉक्टरांचा चेहरा उजळला. नळी तिकडे गेली. ठोका लागला. आणि ते हसले हो — पोटातून, लहान पोरासारखे. "जानकी," म्हणाले, "तूच पास केलंस मला." नावाने हाक मारली त्यांनी. आईही हसली. "तुमी घाबरू नका, डॉक्टर," म्हणाली, "हितंच हाय. कुटं जात नाय." चाळीस सेकंद असतील सगळे मिळून.

ते चाळीस सेकंद मी कापून टाकले.

हीच ती गोष्ट. इतकी वाट चालून इथवर आले ती हे सांगायला. फिल्ममध्ये मी फक्त ती दोन मिनिटं ठेवली — चाचपडणारा म्हातारा, घाम, आवाज येत नाहीये. त्यांच्या डोळ्यांवर काळी पट्टी टाकली, डॉक्टर लोक रुग्णाच्या फोटोवर टाकतात तशी. खाली लिहिलं — निवृत्त पुरुष, वय अंदाजे पंचाहत्तर. आईला मी दगडासारखी बसलेली दाखवली, कारण माझ्या निबंधात मी लिहिलं होतं की या फिल्मांमधली माणसं मुकी केलेली असतात. मुकी कुणी केली? जी बाई भर परीक्षेत पोरं पास करायची तिचा हात त्यांनी कधी कापला नव्हता. मी कापला.

काकूंना आधी दाखवली नाही. शहापुरात एका सभागृहात चर्चासत्र ठेवलं होतं, तिथेच दाखवली. डॉक्टरांना पाहुणे म्हणून बोलावलं, पहिल्या रांगेत. कोट घालून आले. मागे त्यांचे जुने पेशंट, शेजारी, तो कंपाउंडरही. सकाळचे अकरा वाजले होते — आणि सकाळी ते अगदी छान असतात, हे मला माहीत होतं. म्हणूनच सकाळ ठेवली होती. हे तुमच्या लक्षात आलंच असेल, तरी मी स्वतः सांगते, म्हणजे मागाहून मला सुटायला वाट नको.

पडद्यावर नळी डावीकडे फिरायला लागली. कुणीतरी हसलं. मग मागून कुजबुज — अरे, आपले डॉक्टर ना हे? आणि पहिल्या रांगेतून डॉक्टर मोठ्याने, स्वच्छ आवाजात, नापास होणाऱ्या विद्यार्थ्याला सांगावं तसे म्हणाले, "अरे, उजवीकडे बघ. उजवीकडे आहे ते."

मग त्यांना कळलं. ते कळताना मी पाहिलं. खांदे खाली आले, एवढंच. काकू पडद्याकडे बघत नव्हत्या, माझ्याकडे बघत होत्या. मुंबईहून आलेले विद्वान टाळ्या वाजवत होते.

मला त्या फिल्मने बरंच दिलं. नाव झालं, परदेशी बोलावणी आली. डॉक्टर मात्र त्यानंतर घराबाहेर पडेनासे झाले. जुने पेशंट गप्पा मारायला म्हणून यायचे, त्यांनाही भेटेनात. आईने विचारलं, "माझा हात दिसला का गो त्यात? मी दाखवला ना त्यांना?" मी म्हटलं, हो, दिसला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या आनंदात ती पुन्हा करांदे घेऊन त्यांच्या दारात गेली. काकूंनी दार अर्धंच उघडलं, आता येत जाऊ नका म्हणाल्या. आईला वाटलं, दुखणं वाढलं असेल बिचाऱ्यांचं. मी म्हटलं, हो, वाढलंय.

दोन वर्षांनी ते गेले.

गेल्या महिन्यात काकू माझ्या घरी आल्या. एकट्या, रिक्षाने. आधी मला तू म्हणायच्या, आता तुम्ही म्हणाल्या. पाणी नको म्हणाल्या. फिल्मबद्दल चकार शब्द काढला नाही. "त्या दिवशी मी चहा ठेवत होते," म्हणाल्या, "तेव्हा ते हसल्याचं मला ऐकू आलं होतं. किती दिवसांनी हसले होते. पुढे कधी हसलेच नाहीत. तुमच्याकडे ते कुठे असेल का? मला नुसतं ऐकायचं आहे."

द्यायचं म्हटलं तर ते त्या बघणार, मुलगा बघणार, आणि मी काय कापलं ते शहापूरभर होणार. म्हणून मी नाही म्हटलं असं लिहिलं तर ते निम्मंच खरं. उरलेलं निम्मं असं, की त्या माझ्या दारात उभ्या होत्या, मागत होत्या, आणि देणं न देणं माझ्या हातात होतं. त्याची चव मला ओळखीची होती.

मी म्हटलं, "नाही हो काकू. तेव्हा कॅमेरा बंद होता."

त्यांनी मान हलवली, चप्पल घातली आणि जिना उतरल्या. मी दार लावलं, ते चाळीस सेकंद काढले आणि आवाज मोठा करून ऐकले.