इस्त्रीची बोटं

शोकसभेत माझा नवरा फार छान बोलला. आईने संसार सांभाळून जन्मभर शिक्षण चालू ठेवलं, बाबांची सेवा केली, शेवटपर्यंत त्यांना पुस्तकं वाचून दाखवली, असं त्याने सांगितलं. बायकांनी डोळे पुसले. पुढच्या रांगेत चाकाच्या खुर्चीवर बसलेले माझे सासरे मात्र रडत नव्हते. त्यांच्या मांडीवर एक जाडजूड पांढरं पुस्तक होतं आणि ते माझ्याकडे बघत होते. का, ते सांगते.

आमची लॉन्ड्री होती. सासरे काउंटरवर बसायचे, सासूबाई आत टेबलाशी उभ्या असायच्या. त्यांच्यासारखी कॉलर कोणाची होत नसे. इस्त्री फिरवली की कापड गरम असतानाच त्या कॉलरची टोकं बोटांनी दाबून बसवायच्या. लग्न होऊन आल्या तेव्हापासून हेच. बोटं इतकी निबर झाली होती की उकळतं भांडं गॅसवरून फडक्याशिवाय उतरवायच्या. गिऱ्हाइकं कॉलरींचं कौतुक करायची आणि सासरे ते स्वतःच्या खात्यात जमा करून घ्यायचे.

कपडे बांधायला आणलेली रद्दी सासूबाई आधी वाचून काढायच्या, मग वापरायच्या. मुलाचा अभ्यास घेता घेता स्वतः शिकल्या आणि शाळेच्या शेवटच्या परीक्षेला त्याच्याच बरोबर बसल्या. त्या पास झाल्या, तो आपटला. सासरे म्हणाले, "कुठे बोलू नकोस. पोराच्या तोंडाकडे बघ जरा." त्यांनी बघितलं आणि बोलल्या नाहीत. शोकसभेत माझ्या नवऱ्याला हे नेमकं आठवलं नाही. पुढे त्यांनी घरी बसून पदवीही काढली. गल्लीत सगळे त्यांना 'शाळकरी' म्हणायचे. सासरेही आत ओरडायचे, "शाळकरी, वकिलांचा कोट झाला का?"

मग सासूबाईंना काचबिंदू निघाला. आहे ती नजरसुद्धा टिकायची नाही, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं. सासूबाईंनी रडण्यात वेळ घालवला नाही. दुसऱ्या दिवशी मला बरोबर घेऊन अंधशाळेत गेल्या, डोळे आहेत तोवर ब्रेल शिकायला.

तिथल्या बाई स्वतः जन्मांध. त्यांनी सासूबाईंचं एकेक बोट चाचपून पाहिलं.

"काम काय करता?"

"इस्त्री."

"तरीच. या बोटांना ठिपके कळायचे नाहीत. कातडी मेलीय. वर्षभर गरम कामाला हात लावू नका, मऊ पडतील. मग या."

त्या रात्री जेवताना सासूबाईंनी नवऱ्याकडे सुट्टी मागितली. त्यांनी स्वतःसाठी काही मागितलेलं मी तेवढंच ऐकलं.

"आणि कॉलरी कोण करणार?" सासरे म्हणाले.

"मी करते," मी म्हटलं.

मी केल्याही. गिऱ्हाइकांनी त्या परत आणून माझ्यासमोर टाकल्या. महिना उलटायच्या आत सासऱ्यांनी बायकोला हाताला धरून पुन्हा टेबलाशी उभं केलं. "तुला तर डोळे मिटूनही जमतं हे," ते म्हणाले. "आणि आंधळी झाल्यावर तुला काय करायचंय गोष्टींशी?" स्वतःच्याच विनोदावर ते हसले. माझा नवरा शर्टांच्या घड्या मोजत होता. त्याचं मोजणं काही थांबलं नाही.

डोळे गेले. त्यानंतर सासऱ्यांनी टेबल बाहेर, काउंटरशेजारी आणवलं. "बघा, ठार आंधळी आहे. एक सुरकुती दाखवा," ते प्रत्येक नव्या माणसाला सांगायचे. लोक पाहायला यायचे, धंदा वाढला. सासूबाई इस्त्री फिरवत राहायच्या. ठिपक्यांची अक्षरं त्यांनी नजर होती तोवरच पाठ करून ठेवली होती. दुपारी दुकान बंद असलं की अंधशाळेतला ब्रेलचा एकच कागद घेऊन त्यावर बोट घासत बसायच्या. मी विचारायचे, "कळतंय का काही?" त्या म्हणायच्या, "कागद आहे एवढं कळतंय." मला सासऱ्यांचा इतका राग यायचा की त्यांचा चहा मी मुद्दाम गार करून द्यायचे.

मग सासऱ्यांना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, जीभ तेवढी शाबूत राहिली. नवऱ्याने दुकान विकून टाकलं. सासूबाईंचे हात आता दिवसभर पाण्यात असायचे: नवऱ्याला पुसून काढा, चादरी भिजवा, पिळा. निबर कातडी सालपटांसारखी निघाली. एक दिवस त्या स्वयंपाकघरात आल्या आणि म्हणाल्या, "कागदावर 'नदी' लिहिलंय गं." आम्ही दोघी रडलो.

अंधशाळेतून पहिलं पुस्तक आलं, ती एक कादंबरी होती. सासरे पडून कंटाळलेले, म्हणाले, "मोठ्याने वाच की." सासूबाईंनी वाचलं, रोज थोडं थोडं. त्यात एक बाई भरल्या घरातून न सांगता निघून जाते आणि नवरा तिला नदीकाठाने शोधत फिरतो. सासरे इतके रंगले की सकाळपासून "चला, वाचा" म्हणून मागे लागायचे. नवरा शोधून दमतो, घरी येतो, तर दार उघडं आणि आत कोणीतरी आहे, इथवर आलं आणि सासूबाईंनी आवाज बंद केला. बोट मात्र चालूच.

"पुढे?" सासरे म्हणाले.

त्यांनी पान उलटलं.

"अगं, आली का ती परत?"

"तुम्हाला काय करायचंय गोष्टींशी?" सासूबाई शांतपणे म्हणाल्या आणि त्यांच्या डोळ्यांदेखत पुस्तक संपवलं.

नंतर रोज त्यांच्या उशाशी बसून तेच पुस्तक मनातल्या मनात वाचायच्या. सेवेत कसूर नाही. वेळेवर औषध, वेळेवर अंघोळ, धुतलेली चादर. सासऱ्यांनी विनवलं, शिव्या दिल्या, एकदा पोरासारखे रडले. सासूबाई पान उलटायच्या. ही बाई किती निष्ठुर होऊ शकते हे पाहून मला भीती वाटली आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं. मग एका सकाळी त्या खुर्चीतच गेल्या.

सासरे ते पुस्तक परत करू देत नाहीत. डाव्या हाताने दिवसभर चाचपत बसतात. जन्मभर काउंटरवर बसलेल्या माणसाची बोटं ती, लोण्यासारखी मऊ. एकेक ठिपका त्यांना लागतो. अक्षर एकही येत नाही.

"आली का गं ती परत?" ते मला विचारतात.

सासूबाईंनी मला भांडी घासता घासता शेवट सांगितला होता, अगदी हसत हसत.

"मला कुठे ब्रेल येतं, बाबा," मी म्हणते आणि त्यांचं ताट उचलते.