येवल्याच्या रेशमाची माशी

एकोणऐंशी-ऐंशीच्या सुमारास मी दर रविवारी सायकल मारत गंगापूर धरणावर जायचो. तिथे एक निवृत्त फौजी गळ टाकून बसलेला असायचा. त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं, कारण तो बोलायचा ते फक्त माशांबद्दल. काश्मीरमध्ये नोकरीला असताना तो खोटी माशी लावून ट्राउट मासा पकडायला शिकला होता. कोंबड्याचं पीस आणि येवल्याच्या विणकराकडून आणलेला रेशमाचा धागा हुकाला गुंडाळून तो अशी माशी बनवायचा, की वाऱ्यावर तिचे पंखसुद्धा थरथरायचे. मासा मात्र एकही लागत नसे.

शेजारचा कोळी गांडुळं लावून पिशवी भरायचा. "सायेब, गांडूळ लावा ना! लय मासे हायेत."

"गांडुळानं कुणीही पकडेल," फौजी मिशीवरून बोट फिरवत म्हणायचा. "इथल्या माशांना अजून पारख नाही."

एकदा आम्ही टपरीवर चहा घेत होतो. तीन आठवडे खपून केलेली नवी माशी मला दाखवायला म्हणून त्यानं बशीच्या कडेवर ठेवली. तेवढ्यात चहावाल्यानं ओलं फडकं सपकन मारलं. माशीचा चेंदामेंदा झाला.

"लय माश्या झाल्यात," चहावाला पुटपुटला.

मी जीव मुठीत धरून फौजीकडे पाहिलं. तो उठला, चहावाल्याचा हात दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाला, "इतक्या वर्षांत तुम्हीच पहिले!"

पुढच्या रविवारी त्यानं दोन माश्या आणल्या. एक पाण्यात टाकायला आणि एक बशीवर ठेवायला.